नऊ पावलं आत आलेली दोरी

जानेवारीचा तिसरा रविवार, सकाळी आठ. डोंबिवली पूर्व, शाळेमागचं मैदान. हजेरी पुढीलप्रमाणे. यजमान संघ: पन्नाशी उलटलेले अकरा, राखीव दोन, त्यांत गुडघ्याची ऑपरेशनं झालेले तीन, कर्णधार शिर्के साहेब. पाहुणा संघ: ऑस्ट्रेलियातून आलेले, तेही पन्नाशी उलटलेले, तेरा, सोबत बायका सात. पंच दोन, पैकी वरिष्ठ मोघे काका. मैदान सांभाळणारे बाळाराम भोईर. गुणलेखक दोन: पाहुण्यांकडून जोन, यजमानांकडून मी. प्रेक्षक सकाळी साठेक, जेवणानंतर तीनशेच्या आसपास. गैरहजर: रुग्णवाहिका. सांगून ठेवली होती.

ही यादी माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. संपादकांनी कामातले गमतीदार अनुभव मागितले होते. दोन गमतीदार आहेत, ते आधी देते. तिसरा या रविवारचा आहे.

मी स्कोअरर. आधी एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेच्या नोंदी ठेवायचे. कारखाना बंद झाला, नोंदी ठेवायची सवय राहिली. भाऊ क्लबात खेळायचा, त्याने नियमांचं पुस्तक आणून दिलं. परीक्षा दिली, पास झाले. गेली बावीस वर्षं ठाण्यापासून आंबिवलीपर्यंत जिथे बोलावतील तिथे जाते. लोक ‘स्कोअरवाल्या मॅडम’ म्हणतात. माझं आडनाव तावडे आहे, ते चहाच्या वेळी विचारतात.

बाहेरच्यांना वाटतं, हे काम म्हणजे धावा मोजणं. धावा तर प्रेक्षकही मोजतात. आमच्याकडे एकच चेंडू तीन ठिकाणी लिहावा लागतो: फलंदाजाच्या नावापुढे, गोलंदाजाच्या नावापुढे आणि संघाच्या बेरजेत. तिन्हीकडचं जुळलं पाहिजे. शिवाय मी मैदानाचं चित्र काढून कुठला फटका कुठे पडला त्याचा ठिपका देते. दोन संघांचे दोन स्कोअरर शेजारी शेजारी बसतात, वह्या वेगळ्या. षटक संपलं की एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने बघायचं आणि ‘जुळलं’ म्हणायचं. पंचांनी चौकाराची, षटकाराची, कसलीही खूण केली की आम्ही हात वर करतो. म्हणजे कळलं, लिहिलं. आमचा हात वर होईपर्यंत पंच पुढचा चेंडू टाकू देत नाहीत. मैदानाबाहेर बसून खेळ थांबवता येईल अशी माणसं दोनच, ती आम्ही. हे फार कुणाला माहीत नसतं.

आणि एक नियम. पंचांनी दाखवलं ते लिहायचं, आपल्याला दिसलं ते नाही. बॅटची कड घेऊन गेलेला चेंडू मी टेबलावरून ऐकलेला असतो, पंच मान हलवतात, मी नाबाद लिहिते. या नियमाने मला शांत झोप लागत आली आहे.

आता पहिला अनुभव. ठाण्यात एका कंपनीचा वार्षिक सामना होता. मोठे साहेब पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत. पाच मिनिटांनी त्यांचा एक अधिकारी टेबलाशी आला.

“मॅडम, साहेबांचा शून्य जरा काढता का?”

“काढून काय लिहू?”

“खेळले नाहीत, असं.”

“मग त्रिफळा कुणाचा उडाला?”

तो थोडा विचार करून म्हणाला, “माझा लिहा. मला काय फरक पडतो.” त्याची फलंदाजी अजून यायची होती. एकाच डावात तो दोनदा बाद झाला असता. मी शून्य ठेवला. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा स्कोअरर बोलावला.

दुसरा आंबिवलीचा. दोन गावांचा अंतिम सामना होता, सीमारेषेला नायलॉनची दोरी. कुणीतरी आपली म्हैस त्याच दोरीला बांधून मॅच बघायला बसला. म्हैस चालत गेली, दोरी तिच्यामागून गेली. शेवटच्या षटकातला फटका दोरीच्या आत पडला की बाहेर, यावर पावणेदोन तास भांडण झालं. पंच माझ्याकडे आले. “मॅडम, सकाळी दोरी कुठे होती?” मला सांगता आलं नाही. पंचांच्या अहवालात म्हशीचा उल्लेख आहे, माझाही आहे, एकाच वाक्यात.

त्यानंतर मी सवय लावून घेतली. प्रत्येक सामन्याआधी खेळपट्टीच्या मधोमध उभं राहून आठ दिशांना दोरीपर्यंत चालायचं, पावलं मोजायची, वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. माझं पाऊल सव्वादोन फुटांचं आहे. मापून घेतलं आहे.

आता तो रविवार.

पाहुणे मुंबई-ठाण्यात चार सामने खेळणार होते, पैकी एक आमच्याकडे. शिर्के साहेबांच्या मेहुण्यांच्या ओळखीने ठरलेलं. आमचा संघ म्हणजे निवृत्त बँकवाले, दोन दातांचे डॉक्टर, एक हार्डवेअरचं दुकान. पण गेटवर बॅनर लागला: ‘भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया’. खाली स्थानिक पुढाऱ्यांचा फोटो, कांगारूपेक्षा मोठा. हार्डवेअरवाले सावंत बॅनरखाली उभे राहून स्वतःचा फोटो काढून घेत होते. “मॅडम, बायको म्हणते पोट आत घे. मी म्हटलं, इंडियाची जर्सी आहे, पोटासकट जाऊ दे.”

जोन सत्तरीला आलेली, निवृत्त नर्स, नवरा संघात सलामीला. पेन्सिली चार, चारही टोक केलेल्या. मला माणूस लगेच आवडलं. आम्ही इंग्रजीतून बोलत होतो, इथे मराठीत देते. मी पावलं मोजत फिरत होते ते तिने टेबलावरून पाहिलं आणि आल्यावर विचारलं. मी म्हशीची गोष्ट सांगितली. ती डोळे पुसेपर्यंत हसली आणि म्हणाली, “मीही करणार हे. आमच्याकडे मेंढ्या आहेत.” षटक संपल्यावर मराठीत काय म्हणतात तेही तिने शिकून घेतलं. दर षटकाला ती ‘जुळलं’ म्हणायची. तिसऱ्या षटकापर्यंत बरं म्हणायला लागली.

ते आधी खेळले. पस्तीस षटकांत सात बाद एकशे एकाहत्तर. त्यांचा एक फलंदाज, केन नावाचा, चांगला जमलेला असताना पाण्याच्या टाकीच्या बाजूला उंच मारायला गेला आणि आमच्या डॉक्टरांनी दोरीच्या आत झेल घेतला. त्या बाजूचं माझं माप चौसष्ट पावलं. मी ठिपका दिला, पुढे ‘झेल’ लिहिलं. जोननेही दिला.

प्रेक्षकांत सकाळपासून एकच विषय होता. त्यांच्या देशाच्या खेळाडूंनी मागे एका सामन्यात लबाडीने सँडपेपरवर चेंडू घासला होता, तो. “ओ काका, सँडपेपर आणला काय?” “खिसे तपासा रे यांचे.” एक जण तर खरोखरचा सँडपेपर घेऊन आलेला, तो सावंतांच्याच दुकानातून विकत घेतलेला. पाहुण्यांना शब्द कळत होता. ते हसून हात हलवायचे. जोन हसली नाही. ती म्हणाली, “आमच्याकडे त्या दिवशी लोक रडले होते. माझा नवरा आठवडाभर पेपर उघडत नव्हता.” मग खालमानेने पेन्सिलीला टोक करत बसली.

जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या हॉलमध्ये पुरी-भाजी, शिरा, भाषणं. तेवढ्यात बक्षीस समारंभाच्या खुर्च्या घेऊन टेम्पो आला. टाकीकडून वळायला जागा नव्हती, म्हणून बाळारामदादांनी त्या बाजूची दोरी आत ओढली. टेम्पो वळला, खुर्च्या उतरल्या, टेम्पो गेला. दोरी तिथेच राहिली. हे मला संध्याकाळी कळलं. सुट्टीत मी दोरी पाहिली नाही. शिरा दोनदा घेतला.

आमच्या डावाचं बारावं षटक. शिर्के साहेब बावीसवर खेळत होते. त्यांनी टाकीकडे उंच मारला. क्षेत्ररक्षक दोरीला पाठ लावून उभा होता, चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे तीन पावलांवर पडला. मोघे काकांनी दोन्ही हात वर केले. षटकार.

मी ठिपका द्यायला पेन्सिल टेकवली. चेंडू पडला ती जागा टाकीच्या नळाच्या समोर होती. केनचा झेल गेला तोही नळासमोरच. एकाच जागी सकाळी झेल आणि दुपारी षटकार, हे चित्रात बसत नव्हतं.

जोनही आपल्या चित्राकडे बघत होती. तिने चष्मा वर केला, टाकीकडे पाहिलं.

“त्या बाजूची दोरी जवळ आल्यासारखी नाही वाटत?”

मोघे काका हात वर करून आमच्या टेबलाकडे बघत थांबलेले. तीनशे माणसं उभी. शिर्के साहेब बॅट उंचावून. मला फक्त हात खाली ठेवायचा होता. पंच चालत आले असते, मी वहीचं शेवटचं पान उघडलं असतं, कुणीतरी चौसष्ट पावलं मोजली असती.

मी म्हटलं, “ऊन डोक्यावरून कललंय ना. या वेळी ती बाजू जवळ दिसते.”

“तुझ्या वहीत माप आहे ना?”

“आहे.”

“मग बरोबरच असणार,” ती म्हणाली आणि सहा लिहिले. मी हात वर केला. षटक संपलं, मी वाचलं, ती ‘जुळलं’ म्हणाली.

का, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात नियमबियम नव्हता. ‘आपले’ एवढंच होतं. ज्या आपल्यांत मला माझ्या भावाखेरीज कधी कुणी खेळायला घेतलेलं नाही, तेच आपले.

पुढचं मोजून सांगते. त्या पट्ट्यात एकूण तीन फटके पडले. दोन षटकार, ते मूळ दोरीने टप्पा पडून चौकार झाले असते. एक चौकार, तो क्षेत्ररक्षकाने पलीकडे गाठून अडवला होता. त्यावर पळून दोन झाल्या होत्या. म्हणजे सहा धावा जास्त. आम्ही आठ बाद एकशे त्र्याहत्तर करून तीन चेंडू राखून जिंकलो. सहा काढल्या तर तीन चेंडूंत पाच हव्या असत्या. पण खरा हिशेब त्या पहिल्या षटकाराचा. दोरी जागेवर असती तर क्षेत्ररक्षक आणखी मागे उभा असता आणि शिर्के साहेब बावीसवर झेलबाद झाले असते. ते एकसष्ट करून नाबाद राहिले. कोण जिंकलं असतं हे मला सांगता येत नाही. मला सांगायला नको असं वाटत होतं, हे सांगता येतं.

सामन्यानंतर दोन्ही वह्यांवर दोघींच्या सह्या होतात. झाल्या. समारंभ चालू असताना मी पावलं मोजली. पंचावन्न.

बाळारामदादा खुर्च्या लावत होते. पलीकडच्या गावचे, आगरी, या मैदानाची त्यांच्याइतकी माया कुणालाच नाही.

“दादा, टाकीकडची दोरी कुणी हलवली?”

“मीच वढली, टेंपोसाठी. मागं न्यायला गेलतो, तर साहेब बॅटिंगला चाललेले. बोललं, राहू दे बाळाराम, मॅच झाल्यावर बघू.”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“माना वाटलं, तुमी लिवलाय ना वहीत. तुमी बोलाल.”

मी शिर्के साहेबांकडे गेले. हातात करंडक होता. साहेबांना पंधरा वर्षं ओळखते. हे ते गृहस्थ ज्यांनी एकदा स्वतःहून कड लागल्याचं सांगून मैदान सोडलं होतं, वडवलीच्या संघाविरुद्ध.

“साहेब, दोरी नऊ पावलं आत होती.”

“मग?”

“तुम्हाला माहीत होतं.”

“अहो मॅडम, दोरी आहे ती, एलओसी नाही.” आसपासचे हसले. मग त्यांनी मला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला. “हे बघा, यांनी आयुष्यभर आपल्याशी काय केलंय ते टीव्हीवर बघितलंय ना तुम्ही? आज एक दिवस दोरी इकडची तिकडे झाली, तीही टेम्पोमुळे. आणि आता या लोकांसमोर जाऊन सांगायचं, आम्ही चीटिंग केली? आपली इज्जत काय राहील?”

“वडवलीला तुम्ही स्वतः सांगितलंत.”

“ती घरातली मॅच होती हो. हा देश आहे.”

मी स्वतः दुपारी एक उत्तर देऊन बसले होते. पाहुण्यांची बस साडेसहाला निघाली. जोनने मला मिठी मारली, उरलेल्या दोन पेन्सिली दिल्या आणि पावलांची कल्पना घरी सगळ्यांना सांगेन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात सगळं लिहिलं: माप, वेळ, तीन फटके, टेम्पो. महिन्याच्या बैठकीत वही टेबलावर ठेवली. सावंत म्हणाले, “मॅडम, तुम्ही इंडियाच्या का त्यांच्या?” कुणीतरी म्हणालं, वाचूच नका, म्हणजे नोंद होणार नाही. मोघे काका कोपऱ्यात बसलेले. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावून पूर्ण वाचली.

“नियम साधा आहे,” ते म्हणाले. “दोरी हलली तरी सीमा मूळ जागीच धरतात. लक्षात येईल तेव्हा दोरी परत ठेवायची. तावडेबाई, तुम्ही हात वर केला नसतात तर मी आलो असतो. पाच मिनिटांचं काम होतं. ना देश आला असता मध्ये, ना काही.” मग शिर्के साहेबांकडे वळून, “आणि तुम्ही. गेली वीस वर्षं दर चहाला ऐकतोय, हे लोक कबूल करत नाहीत, हे लोक कबूल करत नाहीत. त्यांनी निदान टीव्हीसमोर उभं राहून कबूल केलं.”

शेवटी शिर्के साहेब म्हणाले, “ठीक आहे. कळवा त्यांना. पण क्लबाच्या लेटरहेडवर नको, त्यावर बॅनरवाल्या पुढाऱ्यांचं नाव येतं. मॅडम, तुम्हीच लिहा. तुम्ही त्यांच्या शेजारी बसला होतात.” आणि थोड्या वेळाने, जिन्यात, एकटे असताना: “मला माहीत होतं हेही लिहा. नाव घालून लिहा. बाळारामवर जायला नको.”

ते मी लिहिलं. पत्राच्या कच्च्या मसुद्यात अकरा वाक्यं आहेत. टेम्पो आहे, नऊ पावलं आहेत, तिन्ही फटके षटकांच्या आकड्यांसह आहेत, शिर्के साहेब त्यांच्या परवानगीने आहेत, केनचा ठिपका आहे. दोन जणांना वाचायला दिलं, दोघांनी चांगलं झालंय म्हटलं. वाचणाऱ्याला वाटेल, गुणलेखिकेला संध्याकाळी मोजल्यावर प्रथम कळलं. उन्हाचं वाक्य त्यात नाही. ते लिहायला बसले की मी आधीची अकरा नीट करते.

पत्र टाकायला पोस्टात जायचं नाही, ईमेल आहे, म्हणजे पाऊस, सुट्टी, तिकीट यांतलं काही कारण देता येत नाही. मे महिन्यात जोनने स्वतःहून फोटो पाठवला: कुठल्यातरी हिरव्या मैदानावर ती काठी घेऊन दोरीकडे चालली आहे, ओठ मोजत असल्यासारखे. खाली लिहिलं होतं, ‘आठ दिशा. सगळं वहीत आहे.’ मी अंगठा पाठवला.

माझ्या कामांच्या यादीत ‘जोन: पत्र’ फेब्रुवारीपासून आहे. दर सोमवारी नवीन यादी करते, झालेलं खोडते, राहिलेलं खाली उतरवते. या सोमवारी गिरणीचं दळण, गॅसवाल्याला फोन आणि विम्याची पावती खोडून झाली. हा अंक छापून येईल तेव्हा तीनशे माणसांपैकी बऱ्याच जणांना कळेल की दुपारी मी काय उत्तर दिलं. जोनला मराठी येत नाही. तिला वेगळं कळवायचं आहे.